पिस्तूल नेमबाजीच्या स्पर्धेची पूर्वतयारी : नेरसारख्या गावातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

पिस्तूल नेमबाजी हा महानगरांतील व लष्करी छावण्यांतील लोकांचा खेळ आहे, असा समज आपल्याकडे बराच रूढ आहे. या समजाला आधार नाही असे नाही. शस्त्र महाग असते, परवान्याचे नियम कडक असतात आणि अद्ययावत मैदाने मोजक्याच शहरांत आढळतात. परंतु या तिन्ही अडचणी खऱ्या मानल्या, तरी त्यांवरून लहान गावातील विद्यार्थ्याने या खेळाची वाट धरूच नये, असा निष्कर्ष निघतो काय, हा प्रश्न स्वतंत्रपणे तपासावयास हवा.

विवेचनाच्या सोयीसाठी यवतमाळ जिल्ह्यातील नेर हे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. नेर परसोपंत या नावानेही ओळखले जाणारे हे तालुक्याचे गाव यवतमाळ व अमरावती या दोन शहरांच्या दरम्यान वसलेले आहे. कापूस व तूर पिकविणाऱ्या मुलखातील अशा गावी पंचवीस मीटरचे यांत्रिक लक्ष्य असलेले मैदान असावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. मात्र वऱ्हाडात व्यायामाची परंपरा जुनी आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले आणि शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात त्याने केलेले कार्य सर्वश्रुत आहे. तेव्हा उणीव आहे ती साधनांची. शरीर घडविण्याच्या वृत्तीची नव्हे. स्पर्धेच्या तयारीचा नेमका कोणता भाग साधनांवर अवलंबून आहे आणि कोणता नाही, याची फोड करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. खेळाचे प्रकार

नेमबाजी १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिक सामन्यांपासून खेळली जात आहे. भारतात या खेळाची राष्ट्रीय संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, १९५१ मध्ये स्थापन झाली. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे संस्थापक अध्यक्ष होत. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी होणारी अखिल भारतीय स्पर्धा त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पिस्तुलाचे जे प्रकार विद्यार्थ्याच्या आटोक्यात येऊ शकतात, त्यांत दहा मीटर एअर पिस्तूल हा पहिला. त्यात ४.५ मिलिमीटर व्यासाचा छर्रा वापरतात. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर साठ नेमांसाठी ७५ मिनिटे मिळतात, आणि त्यापूर्वी तयारी व चाचणीचे नेम यांसाठी १५ मिनिटे असतात. दुसरा प्रकार पंचवीस मीटर पिस्तुलाचा. यात तीस नेम अचूकतेचे व तीस वेगाचे असतात. वेगाच्या टप्प्यात लक्ष्य तीन सेकंदच खुले राहते, नंतर सात सेकंद बंद होते आणि प्रत्येक वेळी एकच नेम मारावयाचा असतो. नेमापूर्वी हात खाली, उभ्या रेषेशी ४५ अंशांहून अधिक कोन होणार नाही असा ठेवावा लागतो. पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात पाच लक्ष्यांवर पाच नेम आठ, सहा व शेवटी केवळ चार सेकंदांत पूर्ण करावे लागतात.

याहून निराळी परंपरा ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ची आहे. तिची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया, मिसुरी येथे स्थापन झाली. तिचा ऑलिंपिकमध्ये समावेश नाही. स्पर्धकाला एका जागी उभे न राहता आखलेल्या मार्गावरून जात निरनिराळ्या अंतरांवरील लक्ष्ये टिपावी लागतात. गुणदानाची रीत मननीय आहे : मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. बारा नेमांच्या फेरीत एकाने पूर्ण ६० गुण १५ सेकंदांत मिळविले तर भागाकार ४ येतो. दुसऱ्याने ५४ गुण १२ सेकंदांत मिळविले तर तो ४.५ येतो, आणि दुसरा पुढे जातो. मात्र नेम पूर्णपणे चुकल्यास दहा गुण वजा होतात. त्यामुळे निव्वळ घाईचा उपयोग होत नाही. अचूकता आणि वेग यांचा हिशेब स्वतःच्या कुवतीप्रमाणे जुळविणे, हेच या प्रकाराचे मर्म आहे. पंचवीस मीटरच्या वेगवान टप्प्यातही तोच हिशेब निराळ्या रूपाने करावा लागतो. म्हणून आपल्याकडील विद्यार्थ्याने प्रथम एअर पिस्तूल आणि त्यानंतर पंचवीस मीटर हा क्रम धरावा. कोणत्याही पिस्तूल स्पर्धेचा पाया त्यात घातला जातो.

३. महाराष्ट्रातील एक उदाहरण

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांची कारकीर्द पंचवीस मीटर पिस्तुलाच्या अभ्यासकाने अवश्य पाहावी अशी आहे. २००८ मध्ये पुण्यात झालेल्या राष्ट्रकुल युवा सामन्यांत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. २०१० च्या दिल्ली येथील राष्ट्रकुल सामन्यांत अनिसा सय्यद यांच्यासह जोडीचे सुवर्णपदक, २०१३ मध्ये चांगवॉन येथील विश्वचषक स्पर्धेत सुवर्णपदक आणि २०१४ मध्ये ग्लासगो येथे पुन्हा सुवर्णपदक, असा हा क्रम आहे. २०१८ च्या आशियाई सामन्यांत पालेम्बांग येथे त्यांनी वैयक्तिक सुवर्णपदक पटकाविले. अंतिम फेरीत त्यांचे व थायलंडच्या प्रतिस्पर्धी खेळाडूचे प्रत्येकी ३४ नेम झाले होते आणि निर्णय जादा फेऱ्यांवर लागला.

हा शेवटचा तपशील येथे मुद्दाम दिला आहे. दोन्ही खेळाडूंचे तांत्रिक कौशल्य सारखे ठरल्यावर जी गोष्ट निर्णायक होते, ती म्हणजे थकल्यानंतर व ताणाखाली असताना तीच कृती पुन्हा तशीच करण्याची सवय. ही सवय सामन्याच्या दिवशी निर्माण होत नाही. ती त्याआधीच्या हजारो पुनरावृत्तींतून येते. त्यांतील पुष्कळशा पुनरावृत्ती काडतुसावाचूनही होऊ शकतात, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. लहान गावाचा अडसर अभेद्य नसतो, हे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीही दाखविले आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. रायफल व पिस्तूल यांचे तंत्र भिन्न असले, तरी येथे मुद्दा तंत्राचा नसून वाटचालीचा आहे, आणि त्या वाटचालीत त्यांना शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीचे साहाय्य लाभले होते हेही विसरता कामा नये.

४. चुकीचे गणित

शिकाऊ नेमबाज बहुधा लक्ष्याकडे पाहतो. ते का चुकीचे आहे, हे साध्या भूमितीने स्पष्ट होते.

पिस्तुलाच्या नळीच्या टोकाशी माशी असते व मागे खाच असते. एअर पिस्तुलात त्या दोहोंतील अंतर ३५० मिलिमीटर आहे असे धरू. खाचेच्या मानाने माशी एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर दहा मीटरवर छर्रा १०,००० भागिले ३५०, म्हणजे सुमारे २८.६ मिलिमीटर बाजूला लागतो. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो आणि छर्ऱ्याची कड वर्तुळाला लागली तरी गुण मिळतो. म्हणून छर्ऱ्याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून आठ मिलिमीटरपर्यंत असल्यास दहा गुण मिळतात व पुढे प्रत्येक आठ मिलिमीटरला एक गुण कमी होतो. या हिशेबाने २८.६ मिलिमीटरची चूक सात गुणांवर जाते.

याउलट माशी व खाच यांचा मेळ बरोबर राहून सबंध हातच पाच मिलिमीटर बाजूला सरकला, तर छर्राही पाचच मिलिमीटर सरकतो आणि दहा गुण कायम राहतात. कोनाची चूक अंतराबरोबर वाढत जाते; समांतर चूक वाढत नाही. पंचवीस मीटरच्या पिस्तुलात माशी व खाच यांतील अंतर नियमाने २२० मिलिमीटरपेक्षा अधिक असू शकत नाही. तेथे तीच एक मिलिमीटरची चूक लक्ष्यावर सुमारे ११४ मिलिमीटर होते. म्हणून दृष्टी माशीवर ठेवावी आणि लक्ष्य किंचित अंधुक दिसू द्यावे, हा नियम कोणा शिक्षकाची लहर नसून भूमितीचा निर्णय आहे.

दुसरी बाब हाताच्या कंपाची. उभ्या माणसाचा हात पूर्णपणे स्थिर राहत नाही. श्वास, नाडी, स्नायूंचा थरकाप व शरीराचा तोल यांमुळे तो सतत एका लहानशा क्षेत्रात फिरत असतो. माशी नेमकी मध्यावर आली की चाप दाबू, असे नवशिका ठरवितो. परंतु डोळ्यांनी पाहून बोटाने कृती करावयास सुमारे एकपंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात हात पुढे गेलेला असतो आणि घाईने दिलेल्या झटक्याने माशी खाचेतून निसटते. म्हणजे पाच मिलिमीटरची निरुपद्रवी चूक टाळण्याच्या प्रयत्नात तो तीस मिलिमीटरची चूक ओढवून घेतो. कंप मान्य करून, माशी व खाच यांचा मेळ सांभाळीत, चापावरील दाब अखंड वाढवीत नेणे हाच यावर उपाय आहे.

५. शरीराची तयारी

एअर पिस्तुलाचे वजन साधारणतः एक किलोग्रॅमच्या आसपास असते व ते एकाच हाताने धरावयाचे असते. साठ किलो वजनाच्या व्यक्तीचा हात सुमारे तीन किलोचा भरतो आणि त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून सुमारे तीस सेंटिमीटरवर येतो. खांद्यावर त्याचा भार ०.९ किलोग्रॅम-मीटर पडतो. पासष्ट सेंटिमीटरवर धरलेले पिस्तूल त्यात ०.६५ ची भर घालते. चाचणीचे नेम, साठ स्पर्धेचे नेम आणि न मारता खाली घेतलेले हात धरले, तर एका सामन्यात हा भार शंभराच्या आसपास वेळा उचलावा लागतो.

यावरून दोन गोष्टी निघतात. येथे मोठ्या बळापेक्षा मध्यम भार दीर्घकाळ पेलण्याची शक्ती अधिक लागते. आणि खांद्याबरोबरच पाठ, पोट व पाय यांचेही शिक्षण आवश्यक ठरते, कारण तोल पायांवर असतो. सूर्यनमस्कार, मंद गतीने धावणे, एका पायावर उभे राहून डोळे मिटणे आणि किलोभर वजन हातात धरून ते वीस ते तीस सेकंद खांद्याच्या उंचीवर स्थिर ठेवणे, एवढ्या व्यायामाला कोणतेही साधन लागत नाही. विदर्भातील उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. त्या दिवसांत सराव पहाटे करावा, कारण घामाने मूठ निसटू लागली की पकड नकळत घट्ट होते आणि थरकाप वाढतो.

६. कोरडा सराव

छर्रा न भरता केलेल्या सरावाला कोरडा सराव म्हणतात. स्पर्धेच्या बहुतेक एअर पिस्तुलांत त्यासाठी निराळी सोय असते. त्याची पहिली पायरी कोऱ्या भिंतीची आहे. भिंतीवर कोणतेही लक्ष्य न लावता पिस्तूल उचलावे, माशी व खाच जुळवावी, चाप दाबावा आणि चाप सुटताना माशी हलली किंवा नाही तेवढेच पाहावे. लक्ष्य नसल्यामुळे दृष्टी आपोआप माशीवर राहते. येथे परीक्षक बाहेरचा नसतो. माशीच आपली चूक सांगते. शिक्षक दुर्मीळ असलेल्या गावी या गोष्टीचे मोल विशेष आहे.

दुसरी पायरी उभे राहण्याच्या ढबीची. डोळे मिटून हात उचलावा, मग डोळे उघडावेत. माशी बाजूला दिसली, तर हात न वळविता पावले सरकवून ती मध्यावर आणावी. हाताच्या स्नायूंनी ओढून आणलेली दिशा थकव्याबरोबर बिघडते. पावलांनी साधलेली टिकते.

तिसरी पायरी वेळेची. सोबत्याने दिवा तीन सेकंद लावावा व सात सेकंद मालवावा. दिवा लागताच ४५ अंशांवरील हात उचलून, माशी जुळवून, दिवा विझण्यापूर्वी चाप सुटला पाहिजे. हात वर नेताना चापावरचा पहिला दाब घेतलेला असावा. वर पोहोचल्यानंतर सुरुवात केल्यास तीन सेकंद अपुरे पडतात. पंचवीस मीटरच्या वेगवान टप्प्याचा लय असा घराच्या ओसरीतही साधता येतो.

या सरावाला एक अट आहे व तिला अपवाद नाही. सराव सुरू करण्यापूर्वी नळी रिकामी असल्याची खात्री दोनदा करावी, छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या खोलीत ठेवावी, जिच्या मागे कोणी वावरत नाही अशीच भिंत निवडावी आणि नेम धरलेला नसताना बोट चापाबाहेर ठेवावे. काडतुसाचे पिस्तूल १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून बाळगता येत नाही. विद्यार्थ्याने त्याचा सराव मान्यताप्राप्त मैदानावर, देखरेखीखालीच करावा. प्रॅक्टिकल शूटिंगच्या स्पर्धांत अनवधानाने सुटलेल्या एका गोळीसाठी स्पर्धकाला पूर्ण सामन्यातून बाद करतात. या कठोरपणामागे दीर्घ अनुभव आहे.

७. जे घरी साधत नाही

कोरड्या सरावाची महती सांगताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. काडतुसाच्या पिस्तुलाला मागे बसणारा धक्का, त्यानंतर माशी पुन्हा जुळविणे, शेजारच्या स्पर्धकांचा आवाज, पंचांच्या आज्ञा आणि पडद्यावर दिसणारे गुण यांची सवय मैदानावरच होते. म्हणून नेरच्या विद्यार्थ्याने आठवड्यात पाच दिवस प्रत्येकी सुमारे चाळीस मिनिटे घरी सराव करावा आणि प्रवास करून मिळणारे मैदानावरील दिवस केवळ या गोष्टींसाठी राखून ठेवावेत. ढब, पकड व चाप यांचे प्राथमिक धडे मैदानावर गिरविणे म्हणजे प्रवासाचा खर्च वाया घालविणे होय.

बारा आठवड्यांची आखणी पुढीलप्रमाणे करता येईल. पहिले चार आठवडे कोरी भिंत व शरीराची तयारी. पुढील चार आठवडे लक्ष्यासमोर कोरडा सराव आणि जमेल तेव्हा छर्ऱ्यांचा सराव. अखेरचे चार आठवडे पूर्ण सामन्याची तालीम. तालीम म्हणजे घड्याळ लावून, १५ मिनिटांची तयारी व ७५ मिनिटांचे साठ नेम, मध्ये कोणाशीही न बोलता पूर्ण करणे. ७५ मिनिटांत साठ नेम म्हणजे प्रत्येकी सव्वा मिनिट. हा वेळ पुरेसा आहे, हे अनुभवाने पटल्याखेरीज बिघडलेला हात खाली घेण्याचे धैर्य येत नाही.

८. नोंदवहीचा उपयोग

नुसते गुण लिहून ठेवण्याने फारसे शिकता येत नाही. प्रत्येक गटाच्या दोन गोष्टी वेगळ्या नोंदवाव्यात : गटाचे केंद्र कोठे आहे आणि गटाचा विस्तार किती आहे. केंद्र बाजूला असल्यास माशी-खाचेची जुळणी बदलावयाची असते; विस्तार मोठा असल्यास नेमबाजाला सराव हवा असतो. या दोहोंची गल्लत झाली की विद्यार्थी प्रत्येक चुकीसाठी खाचेचा स्क्रू फिरवू लागतो.

संख्याशास्त्राचा एक साधा नियम येथे उपयोगी पडतो. एका नेमाचे प्रमाण-विचलन आठ मिलिमीटर असेल, तर पाच नेमांच्या केंद्रातील अनिश्चितता आठ भागिले पाचाचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३.६ मिलिमीटर राहते. दहा नेमांनंतर ती सुमारे २.५ वर येते. म्हणून एकदोन नेमांवरून जुळणी बदलू नये. निदान पाच, शक्य तर दहा नेम पाहावेत. याशिवाय छर्रा कोठे लागला हे पाहण्यापूर्वी, तो कोठे गेला असावा याचा अंदाज लिहावा. अंदाज व प्रत्यक्ष यांत अंतर राहात असेल, तर चाप सुटण्याच्या क्षणी डोळा माशीवर नव्हता असे समजावे.

९. स्पर्धेचा दिवस

स्पर्धेच्या आठवड्यात नवे काही शिकू नये. सराव कमी करावा, पण झोप व जेवण यांची वेळ बदलू नये. शस्त्रतपासणीचे नियम आधीच पडताळून पाहावेत : एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा हवा व पिस्तुलाचे वजन १,५०० ग्रॅमपेक्षा अधिक नसावे, पंचवीस मीटरच्या पिस्तुलासाठी हे आकडे अनुक्रमे १,००० व १,४०० ग्रॅम आहेत. तपासणीत अडलेला स्पर्धक नेमाच्या रेषेवर येण्यापूर्वीच अस्वस्थ होतो.

नाडी वाढणार, हे गृहीत धरावे. ती थांबविण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. लक्ष कृतींच्या ठरलेल्या क्रमाकडे वळविणे मात्र शक्य आहे. श्वास, हात वर, लक्ष्याच्या किंचित वरून खाली उतरणे, माशी, दाब, आणि चाप सुटल्यावरही क्षणभर तसेच राहणे. हा क्रम घरी ज्या शब्दांत मनाशी म्हटला, त्याच शब्दांत येथे म्हणावा. वाईट नेमानंतर हात खाली ठेवून दोनतीन श्वास घ्यावेत. गेलेला गुण परत येत नाही; परंतु तो भरून काढण्याच्या घाईत पुढचे दोन गुण मात्र जाऊ शकतात.

१०. समारोप

वरील फोडीवरून असे दिसते की ढब, पकड, दृष्टी, चाप, लय, शारीरिक क्षमता व मनाचा क्रम ही तयारीची अंगे साधनांवर फारशी अवलंबून नाहीत. धक्का, काडतुसाचा सराव आणि स्पर्धेचे वातावरण यांसाठी मात्र मैदान अपरिहार्य आहे. तेव्हा लहान गावाची अडचण खरी असली, तरी ती संपूर्ण तयारीची अडचण नाही.

ही अडचण कमी करणे महाविद्यालयांच्या हाती आहे. दहा मीटरच्या सरावाला मोठे मैदान लागत नाही. पंधरा मीटर लांबीचे बंदिस्त सभागृह, छर्रे अडविणारी भक्कम पाठ, एकच प्रवेशद्वार, जबाबदार शिक्षक व सामायिक मालकीची दोनतीन एअर पिस्तुले एवढ्याने आरंभ करता येतो. राष्ट्रीय छात्र सेनेत नेमबाजीचे प्राथमिक धडे घेतलेले विद्यार्थी तालुक्याच्या महाविद्यालयांत असतातच. त्यांच्यापैकी किती जणांचा हात स्थिर आहे, हे आज कोणी मोजलेले नाही, कारण मोजण्याची सोय नाही. ती सोय झाल्यावर आंतरविद्यापीठ व राज्य स्पर्धांची दारे त्यांना आपोआप उघडतील असे नव्हे. पण गुण असूनही गाव लहान म्हणून तो अज्ञात राहिला, ही खंत तरी उरणार नाही. शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यात अशी चाचणी घेऊन, गटाचे केंद्र व विस्तार यांच्या नोंदी बारा आठवडे ठेवल्यास, कोरड्या सरावाचे येथे सांगितलेले मोल कितपत खरे आहे, हे आकड्यांनी ठरविता येईल.